हाताच्या पाठीवर बसणारा मार आणि तो झेलणारे हातमोजे

आपल्या एका हाताच्या अंगठ्याने दुसऱ्या हाताचा तळवा दाबून पाहिला, तर तो गादीसारखा दबतो. तिथे जाड कातडी, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली तंतूंचा चिवट पडदा आणि मग स्नायू अशी रचना असल्यामुळे वस्तू पकडताना, ढकलताना किंवा जमिनीवर हात टेकताना येणारा दाब तळवा सहज पचवतो. तोच हात उलटा करून बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे दाबले, तर अंगठा जवळजवळ थेट हाडावर टेकतो. मधे असते ती केवळ पातळ, सैल कातडी आणि तिच्याखालून जाणाऱ्या, बोटे सरळ करणाऱ्या चपट्या कंडरा. बोटे हलवणारे स्नायू बोटांमध्ये नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात आणि तळहातात असतात, आणि कळसूत्री बाहुली दोऱ्यांनी नाचवावी तसे कंडरांच्या साहाय्याने बोटांना हलवतात. त्यामुळे हाताच्या मागच्या बाजूवर किंवा बोटांवर जोराचा आघात झाला, तर तो झेलायला तिथे मांसाचे आवरण नसते. एका हातात २७ हाडे असतात, दोन्ही हातांत मिळून ५४, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी चतुर्थांशाहून अधिक, आणि बोटांची हाडे तर पेन्सिलीहून फारशी जाड नसतात.

असे असूनही आपल्याकडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे हातमोजे मुख्यतः तळव्याची काळजी घेतात. पुढे चामडे आणि मागे जाड सुती कापड, किंवा सुती मोजाच्या तळव्यावर रबराचा थर, ही त्यांची ठरलेली घडण आहे. ती चुकीची नाही, कारण पत्र्याची धार, लोखंडाचा खरखरीतपणा, उष्णता आणि घसरण हे धोके तळव्याच्याच वाट्याला येतात. पण मार मागून बसतो. घट्ट बसलेला नट सोडवताना पाना सटकतो आणि बोटांची मुळे समोरच्या फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या जोडाच्या लोखंडी कडेवर, आदळतात. रचलेल्या पाइपांमधला एक पाइप घरंगळतो आणि खालच्या पाइपावर ठेवलेला हात त्याच्यात सापडतो. छिन्नी धरलेल्या हातावर हातोड्याचा नेम चुकतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तिथे साच्यातून निघालेला जड जॉब, म्हणजे ओतीव वस्तू, ढिगावर ठेवताना किंवा ढिगातून उचलताना दोन जॉबांच्या मधे बोट चेपणे हा नेहमीचा धोका आहे. या सगळ्या प्रसंगांत तळव्याखालचे उत्तम चामडे काहीही करू शकत नाही.

आघातरोधक हातमोजे नावाचा वेगळा प्रकार याच अडचणीतून जन्माला आला, आणि त्याचा प्रसार सर्वप्रथम झाला तो तेलविहिरी खोदणाऱ्या कामगारांमध्ये. विहीर खोदताना जमिनीत उतरणारे पोलादी पाइप एकापुढे एक जोडावे लागतात. असा पाच इंची पाइप साधारण नऊ मीटर लांब आणि सुमारे अडीचशे किलो वजनाचा असतो; तो टांगलेल्या अवस्थेत हाताने वळवून जागेवर आणायचा, साखळदंडाला लटकणाऱ्या अजस्र पकडींनी आवळायचा, आणि हे सगळे चिखलाने व तेलाने माखलेल्या फरशीवर, दिवसरात्र करायचे, असे ते काम असते. मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात, जिथे १९७४ मध्ये तेल सापडले त्या बॉम्बे हायच्या फलाटांवरही कामाची जात हीच आहे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून पाठीवर आणि बोटांवर रबराच्या जाड पट्ट्या बसवलेले, बहुधा भडक रंगांचे हातमोजे या क्षेत्रात दिसू लागले आणि तिथून ते खाणी, बंदरे, पोलादी बांधकाम आणि जड यंत्रांची जोडणी या कामांत पोहोचले.

मार कमी कसा होतो

रबराची एक पट्टी हाड मोडण्यापासून कशी वाचवते, हे नीट समजून घेतले तर पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. हलणाऱ्या वस्तूत ऊर्जा असते, आणि ती वस्तू थांबताना ती ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. अर्धा किलोचा पाना एक मीटर उंचीवरून पडला, तर खाली पोहोचताना त्याच्यात सुमारे पाच ज्यूल ऊर्जा असते. तो पाना हातावर आदळून अवघ्या एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर हातावर सरासरी पाच हजार न्यूटन, म्हणजे पाच किलोन्यूटन बल येते. पाचशे किलोचे वजन क्षणभर त्या जागी ठेवल्यासारखे ते असते. तोच पाना थांबायला पाच मिलिमीटर अंतर मिळाले, तर सरासरी बल एका किलोन्यूटनवर, म्हणजे शंभर किलोंच्या वजनाइतके खाली येते. पाना तोच, उंची तीच, ऊर्जाही तीच. बदलले ते फक्त थांबण्याचे अंतर, आणि त्याबरोबर थांबायला लागणारा वेळ. प्रत्यक्षात बल एकसारखे राहत नाही, मधेच ते सरासरीपेक्षा बरेच उंच जाते, आणि हाड मोडते ते त्या उंच टोकामुळे. तरीही मूळ हिशेब हाच आहे.

कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती वारंवार खणून भुसभुशीत ठेवतात ती याचसाठी. चीतपट होणारा पैलवान त्या मातीत दोन बोटे रुततो आणि उठून उभा राहतो. तोच डाव फरशीवर पडला, तर खांदा निखळेल. हातमोज्याच्या पाठीवरची पट्टी हे बोटांसाठीचे आखाड्याच्या मातीचे काम करते.

तिचे दुसरे काम चुंबळीसारखे आहे. पाण्याने भरलेली घागर थेट डोक्यावर ठेवली, तर तिचे सगळे ओझे बुडाच्या छोट्याशा भागावर एकवटते आणि टोचते. मधे चुंबळ ठेवली की वजन तेवढेच राहते, पण ते मोठ्या जागेवर पसरते. मार देणारी वस्तू बहुतेकदा टोकदार किंवा कडेची असते, पाइपाची कड, हातोड्याचा कोपरा, बोल्टचे डोके. पट्टीचा वरचा भाग थोडा ताठ असेल, तर तो हा मार एका सांध्यावर न ठेवता आजूबाजूच्या भागावर वाटून देतो. म्हणजे चांगल्या पट्टीला एकाच वेळी दोन परस्परविरोधी गुण लागतात: वरून पसरवण्याइतका ताठपणा आणि आतून दबण्याइतका मऊपणा. निव्वळ कडक प्लास्टिकची ढाल मार पसरवते, पण थांबायला अंतर देत नाही. निव्वळ मऊ स्पंज अंतर देतो, पण जोराचा मार त्याला पूर्ण चेपून हाडापर्यंत पोहोचतो.

या पट्ट्या सर्वाधिक प्रमाणात थर्मोप्लास्टिक रबराच्या असतात. विक्रेते आणि कामगार त्याला टीपीआर म्हणतात. ते साच्यात ओतून हव्या त्या आकाराचे करता येते, आणि इथे आकाराला साहित्याइतकेच महत्त्व आहे. पट्टीच्या पोटात पोकळी ठेवली, किंवा खालच्या बाजूने बारीक खांबांसारखे उंचवटे ठेवले, तर ते वाकताना आणि दबताना ऊर्जा खातात. भरीव, सपाट पट्टी जाडीने तेवढीच असूनही कमी उपयोगाची ठरू शकते. काही हातमोज्यांत पट्टीखाली फोमचा आणखी एक थर देतात. काही महागड्या प्रकारांत मारानुसार स्वभाव बदलणारे पदार्थ वापरतात. कॉर्नफ्लोअरचा घट्ट घोळ बोटाने हळूच ढवळला तर वाहतो, पण त्यावर मूठ आपटली तर दगडासारखा घट्ट होतो, हे ज्यांनी करून पाहिले असेल त्यांना या पदार्थांची कल्पना लगेच येईल. मूठ वळताना ते मऊ राहतात आणि आघाताच्या क्षणी त्यांचे रेणू एकमेकांना अडवून धरतात. त्यामुळे कमी जाडीत तेवढेच संरक्षण मिळू शकते.

जाडीचा प्रश्न साधा नाही. पट्टी जितकी जाड तितके थांबायला अंतर अधिक, पण बोटे तितकीच अवघडतात. हाताची पाठ मूठ वळताना ताणली जाते आणि प्रत्येक सांध्यावर वाकते, म्हणून पट्टी अखंड ठेवता येत नाही. ती सांध्यांपाशी तोडावी लागते, आणि प्रत्येक तोड ही संरक्षणातली एक फट असते. चांगल्या हातमोज्याचे कसब त्या फटी कुठे आणि किती रुंद ठेवल्या आहेत यात दिसते. दुकानात हातमोजा सपाट ठेवून पाहण्यापेक्षा तो घालून मूठ आवळून पाहावा. पट्ट्या सरकून सांधे उघडे पडत असतील, तर काम करताना हात बहुतांश वेळ मुठीतच असतो हे लक्षात ठेवावे.

हातमोज्यावरची अक्षरे काय सांगतात

बाजारात पाठीवर रबराच्या रेघा चिकटवलेले हातमोजे आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दिसायला सगळे सारखेच असतात. त्यांतल्या कुणाची परीक्षा झाली आहे आणि कुणाच्या रेघा केवळ शोभेच्या आहेत, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी मनगटाजवळ छापलेल्या किंवा आतल्या पट्टीवर शिवलेल्या खुणा वाचाव्या लागतात, आणि त्या वाचण्याचे शिक्षण आपल्याकडे खरेदी विभागालाही क्वचितच दिले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

युरोपचे मानक ईएन ३८८ या नावाचे आहे. त्याची खूण ढालीसारख्या चौकटीत हातोड्याच्या चित्राने दाखवतात आणि तिच्याखाली चार आकडे व एक-दोन अक्षरे असतात. पहिला आकडा घासण्याला किती टिकतो ते सांगतो, दुसरा गोल पात्याने कापण्याला, तिसरा फाटण्याला आणि चौथा भोसकण्याला. त्यानंतर ए ते एफ यांपैकी एक अक्षर येते. ते कापण्याच्या दुसऱ्या, अधिक कडक चाचणीचे असते आणि एफ हे त्यातले सर्वांत वरचे. २०१६ च्या सुधारणेपासून त्यापुढे पी हे अक्षर येऊ शकते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पी असेल तर हातमोजा आघाताच्या चाचणीत उत्तीर्ण झाला आहे. पी नसेल, तर पाठीवर कितीही जाड रबर दिसले तरी त्या मानकानुसार आघातापासून संरक्षणाचा दावा करता येत नाही. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स हे अक्षर दिसले, तर ती चाचणी केलेली नाही किंवा त्या हातमोज्याला लागू होत नाही, असा त्याचा अर्थ आहे; एक्स म्हणजे नापास असे समजू नये.

आघाताच्या या चाचणीची पद्धत मोटारसायकलस्वारांच्या हातमोज्यांच्या मानकावरून घेतलेली आहे. हातमोज्याचा तुकडा घुमटाकार ऐरणीवर ठेवतात, त्यावर पाच ज्यूल ऊर्जेने वजन पाडतात, आणि खाली ऐरणीपर्यंत किती बल पोहोचले ते मोजतात. सरासरी सात किलोन्यूटन किंवा त्याहून कमी आणि कुठलाही एक आघात नऊ किलोन्यूटनपेक्षा अधिक नाही, असे भरले तर पी मिळतो. आधी आपण पाहिलेला अर्ध्या किलोचा पाना आणि एक मीटर उंची, एवढाच हा आघात आहे, हे वाचकाने मनात पक्के धरावे.

पी या अक्षराची मोठी मर्यादा अशी की तो फक्त होय किंवा नाही सांगतो. जेमतेम उत्तीर्ण झालेला आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला असे दोन्ही हातमोजे सारखेच पी मिरवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही चाचणी बोटांच्या मुळांच्या उंचवट्यांसारख्या भागांवर होते, बोटांवर ती होत नाही. कामावर जास्त चेपतात ती मात्र बोटे, त्यातही बोटांची टोके. म्हणजे ज्या भागाला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याविषयी हे अक्षर काहीच बोलत नाही.

अमेरिकेत फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या अँन्सी-इसिआ १३८ या मानकाने ही उणीव बरीचशी भरून काढली. ऊर्जा तीच, पाच ज्यूल. पण निकालाच्या तीन पातळ्या केल्या. पोहोचणारे सरासरी बल नऊ किलोन्यूटनपर्यंत असेल तर पातळी १, साडेसहापर्यंत असेल तर पातळी २, आणि चारपर्यंत असेल तर पातळी ३. उंचवटे वेगळे तपासायचे, बोटे आणि अंगठा वेगळे तपासायचे, आणि दोहोंत जो निकाल कमी असेल तोच संपूर्ण हातमोज्याचा निकाल मानायचा, हा त्यातला नियम मला फार मोलाचा वाटतो. उंचवट्यांवर भरपूर रबर लावून बोटांवर काटकसर करणाऱ्या उत्पादकाला त्यामुळे वरची पातळी छापता येत नाही. ज्या कामात बोटे सापडण्याची भीती आहे, तिथे केवळ पी पाहून न थांबता ही पातळी विचारावी.

आणखी एक बारकावा सांगायला हवा. ईएन ३८८ मधील घासणे, कापणे, फाटणे यांच्या चाचण्यांसाठी तुकडे तळव्याच्या भागातून घेतात. कापण्यासाठी एफ असलेला हातमोजा मागच्या बाजूनेही तसाच असेल, असे धरून चालू नये. पत्र्याच्या कामात हाताची पाठ धारेला घासत असेल, तर मागच्या कापडाविषयी उत्पादकाला वेगळे विचारावे लागेल.

जिथे हातमोजा पुरत नाही, आणि जिथे तो घातकच आहे

आता हाच हिशेब दुसऱ्या दिशेने करून पाहू. पाच किलोचा घण सेकंदाला सहा मीटर वेगाने येत असेल, तर त्यात नव्वद ज्यूल ऊर्जा असते, चाचणीतल्या आघाताच्या अठरा पट. दहा किलोचा ओतीव जॉब अर्ध्या मीटरवरून हातावर पडला, तर सुमारे पन्नास ज्यूल, दहा पट. पट्टी दबून संपते आणि उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा हाडाकडे जाते. अशा वेळी हातमोजा जखम थोडी सौम्य करील, कदाचित चिंधड्या होण्याऐवजी हाड मोडण्यावर निभावेल, पण हात वाचवील असे म्हणता येणार नाही. सर्वांत वरच्या पातळीचा हातमोजाही पान्याच्या, हातोडीच्या, घरंगळणाऱ्या पाइपाच्या, आदळणाऱ्या सांध्यांच्या दुनियेतला आहे, घणाच्या नाही.

पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्राचा, म्हणजे प्रेसचा, प्रश्न तर वेगळ्याच जातीचा आहे. पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा एकदा खर्च झाली की ती थांबते, आणि पट्टीला त्या थांबण्याला वेळ द्यायचा असतो. पॉवर प्रेसचा रॅम, म्हणजे खाली येऊन दाबणारा भाग, किंवा हायड्रॉलिक सिलिंडर मात्र मधे काय आले याची पर्वा न करता आपला फेरा पूर्ण करतो. पन्नास टनी प्रेस सुमारे ४९० किलोन्यूटन बल लावू शकतो, आणि आपण बोलत होतो ते चार ते नऊ किलोन्यूटनविषयी. पुणे असो, गुरुग्राम असो, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत प्रेसखाली बोटे तुटण्याचे प्रमाण जिव्हारी लागणारे आहे, आणि त्यावर हातमोजा हा उपाय मुळीच नाही. तिथे दोन्ही हातांनी दाबायची बटणे, हात मधे आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा, जाळी आणि जॉब आत सरकवायला चिमटा यांना पर्याय नाही. प्रेसवरच्या कामगाराला आघातरोधक हातमोजे देऊन सुरक्षिततेची नोंदवही भरणे ही त्याची फसवणूक आहे.

फिरणाऱ्या यंत्रांपाशी हातमोजा उलट जीवघेणा ठरतो. ड्रिल मशीन, लेथ, फिरते रोलर यांच्यापाशी उघड्या हाताला धक्का बसला तर तो कदाचित कातडी सोलून सुटतो. जाड, चिवट हातमोज्याचे टोक गुंतले तर तो हातासह आत ओढला जातो, आणि हातमोजा जितका मजबूत तितका तो फाटून सुटण्याची शक्यता कमी. अशा ठिकाणी हातमोजे काढून ठेवण्याचा नियमच असायला हवा आणि तो पाळला जायला हवा.

थर्मोप्लास्टिक या नावातच त्याची आणखी एक मर्यादा आहे: हा पदार्थ उष्णतेने मऊ होतो. ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपाशी आणि ओतण्याच्या जागी हे हातमोजे चालत नाहीत. तिथे चामड्याचे किंवा उष्णतारोधक धाग्यांचे हातमोजेच लागतात. जॉब थंड झाल्यानंतरच्या हाताळणीसाठी आघातरोधक हातमोजे योग्य आहेत. त्याचप्रमाणे ते विजेपासून वाचवत नाहीत, आणि जॅकहॅमरसारख्या अवजारांच्या सततच्या कंपनांसाठीचे हातमोजेही वेगळे असतात. हायड्रॉलिक नळीला पडलेल्या बारीक भोकातून उडणारी तेलाची पिचकारी तर यांतून आरपार जाऊ शकते.

म्हणूनच हातमोजा निवडण्याआधी विचारायचा प्रश्न असा की हात त्या जागी जातोच कशाला. क्रेनला टांगलेले ओझे हाताने वळवण्याऐवजी दोरी बांधून लांबून वळवता येते. खलाशी मंडळी हे जाणतात, घाई असली की विसरतात. जड वस्तू शेवटच्या वीतभर अंतरात जागेवर बसवताना टोकाला आकडा असलेली लांब काठी वापरता येते. छिन्नी हाताने धरण्याऐवजी लांब दांड्याच्या पकडीत धरता येते, आणि मग हातोड्याचा नेम चुकला तरी तिथे हातच नसतो. ज्या ठिकाणी हे काहीच जमत नाही, तिथे उरलेल्या धोक्यासाठी हातमोजा. जाड रबर चढवलेल्या हाताला चिलखत घातल्यासारखे वाटते आणि माणूस जिथे एरवी हात घातला नसता तिथे घालतो, हा अनुभव पर्यवेक्षकांनी कामगारांशी मोकळेपणाने बोलून दाखवावा.

बोटाची किंमत कायद्यानेही आखून ठेवली आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरली होती, संपूर्ण तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०. ही टक्केवारी वाचताना गवंड्याचा, फिटरचा, वेल्डरचा अंगठा गेला तर त्याचे कसब ३० टक्केच जाते का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. सुरक्षा साधनांचा खर्च कुणी करायचा, याविषयी मात्र कायद्यात संदिग्धता नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ प्रमाणे मालकाने पुरवायच्या साधनांसाठी कामगाराकडून शुल्क घेता येत नसे, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे. हातमोजे हरवले किंवा फाटले म्हणून पगारातून पैसे कापण्याची पद्धत जिथे आहे, तिथे कामगार फाटका हातमोजा लपवून वापरत राहतो.

माप, घाम आणि जुने हातमोजे

सगळ्यांना एकाच मापाचे हातमोजे वाटणे ही आपल्याकडची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. साध्या सुती मोजाला ती खपून जाते, आघातरोधक हातमोज्याला खपत नाही, कारण इथे प्रत्येक पट्टी ठराविक हाडावर बसायला हवी. हातमोजा मोठा झाला की पट्ट्या सांध्यांवरून पुढे सरकतात आणि टोकाला रिकामे राहिलेले बोट कशाततरी अडकते. माप घेणे अगदी सोपे आहे: अंगठा वगळून, बोटांच्या मुळांच्या थोडे खाली, तळव्याभोवती टेप गुंडाळावी. घेर सुमारे २०३ मिलिमीटर, म्हणजे आठ इंच आला तर माप ८. २२९ मिलिमीटर आला तर ९. १७८ आला तर ७. स्त्री कामगारांना आणि लहान चणीच्या पुरुषांना ६ किंवा ७ लागू शकते, आणि साठ्यात ती मापे नसतात म्हणून त्यांना ९ घालायला लावतात, हे अनेक ठिकाणी पाहायला मिळते.

मग प्रश्न येतो घामाचा. चंद्रपूरच्या खाणीत एप्रिल-मे महिन्यांत किंवा न्हावाशेव्याला जहाजाच्या डेकवर कंटेनर बांधणारे लोखंडी दांडे सोडवताना, रबराने झाकलेला हात आतून भिजून जातो. भिजलेली कातडी सोलते, खाज सुटते, आणि पकडही बिघडते. मागे जाळीदार कापड असलेले आणि पट्ट्यांच्या मधून हवा खेळणारे हातमोजे अशा ठिकाणी सोसवतात. प्रत्येकाला स्वतःच्या दोन जोड्या दिल्या, तर एक वाळत असताना दुसरी वापरता येते. एकाच जोडीत पाळीपाळीने तिघांचे हात घालणे कातडीच्या रोगांना आमंत्रण देणारे आहे. कामगार हातमोज्याची टोके कापून बोटे उघडी करतो तेव्हा त्याला बेशिस्त ठरवण्याआधी त्याच्याकडून बारीक नट उचलून लावण्याचे काम करून घेतले जात आहे का, ते पाहावे. तसे असेल, तर त्या कामासाठी पातळ टोकांचा, पण पाठीवर संरक्षण असलेला हातमोजा द्यावा. निवड करण्यापूर्वी तीन-चार प्रकार प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हातात आठवडाभर देऊन त्यांचे म्हणणे ऐकणे हे कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक शिकवणारे असते.

वापरण्यापूर्वी रोज क्षणभर पाहायचे ते एवढेच: पट्टी कुठे सुटली आहे का, तिला चीर पडली आहे का, बोटांमधली शिवण उसवली आहे का, तळवा पातळ झाला आहे का. तेल मुरून रबर फुगले असेल किंवा उन्हात कडक झाले असेल, तर ते पूर्वीसारखे दबत नाही आणि मार पुढे जाऊ देते. मोठा आघात झेललेला हातमोजा बाहेरून धड दिसला तरी बदलावा.

आणि मार बसलाच, तर हातमोजा ओढून काढू नये. आत हाड सरकलेले असू शकते. हात छातीच्या पातळीवर उचलून धरावा, हातमोजा मनगटाकडून कात्रीने कापत हळूच उघडावा आणि बोटात अंगठी असेल तर सूज चढण्यापूर्वी ती काढावी. मुळात अशा कामावर अंगठी घालूनच येऊ नये. वर जखम दिसत नसली, पण बोट सरळ होत नसेल, बधिर झाले असेल किंवा वेदना वाढत असतील, तर संध्याकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालयात जावे. पिचकारीने तेल आत गेल्याचा ठिपक्याएवढा डाग असेल, तर ती तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते, मग दुखत असो वा नसो.

जुने झालेले हातमोजे भंगारात टाकण्यापूर्वी त्यांचा एक उपयोग करून घेता येतो. महिन्याच्या शेवटी एका विभागातले सगळे जुने हातमोजे टेबलावर पालथे मांडावेत आणि पट्ट्यांवर ओरखडे, खोक, चपटलेल्या जागा कुठे आहेत ते पाहावे. एखाद्या विभागात सगळ्या खुणा करंगळीच्या कडेला असतात, कारण तिथे हात फरशीवरून ओझ्याखाली सरकवला जातो. दुसऱ्या विभागात त्या डाव्या अंगठ्यावर असतात, कारण डाव्या हाताने छिन्नी धरली जाते. पुढची खरेदी कुठल्या हातमोज्याची करायची, आणि कुठल्या कामात हात मुळातच बाजूला काढायला हवा, हे त्या ओरखड्यांवरून ठरवता येते.